शिवेपार गेलेला गाडा

मी डोणगावकडचा. कॉलेज खामगावला. चिखलीला गाडी बदलावी लागते, आणि चिखली सोडल्यावर घाट लागण्याच्या थोडं आधी एक फाटा येतो. तिथून डोंगरावर पायवाट जाते. तासभर चढलं की माझ्या मावशीचं गाव. तीन वर्षांपूर्वी त्या गावात मी एक दिवस काढला. त्या दिवसाबद्दल मी घरी अर्धंच सांगितलं आहे. उरलेलं सांगायला मला अजून नीट जमत नाही, म्हणून लिहून पाहतो.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझं कॉलेजचं पहिलं वर्ष संपत आलं होतं. लेखी पेपर झाले होते, प्रॅक्टिकल तेवढं उरलं होतं. बुधवारी सकाळी आठला आमच्या तुकडीचा नंबर होता. मधल्या मोकळ्या दिवसांत मी घरी आलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. वडील सही करतात, तीही सावकाश, जीभ दातात धरून. मला पाठवताना ते एकदाच बोलले होते, "एक डाव पाठवतो. त्याच वर्गात दुसऱ्यांदा बसाले पाठवनं मले जमनार नाही." त्यात राग नव्हता. त्यांना जमणार नव्हतं, एवढंच.

म्हणून सोमवारी निघताना त्यांनी मला सरळ खामगावला जायला सांगितलं. पण आईने मावशीसाठी सरगुंडे करून ठेवले होते. काडीवर वळून वाळवलेले, शेवयांसारखे शिजवायचे गव्हाचे सरगुंडे मावशीला फार आवडत, आणि तिच्या डोंगरावर ते नीट वाळत नाहीत असं ती म्हणे. मी म्हटलं, सोमवारी संध्याकाळी मावशीकडे जातो, मंगळवारचा दिवस शांतपणे वाचतो, आणि संध्याकाळी सहाच्या गाडीने खामगाव गाठतो. हे खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. घरी जो येई तो विचारी, पेपर कसे गेले. मला एक दिवस असा हवा होता की कोणी काही विचारणार नाही. मावशी कधीच विचारत नसे. तिला लेकरू नव्हतं. आम्ही पाच भावंडं, आणि लहानपणी तिने मला आईजवळ मागितलं होतं म्हणतात. आईने दिलं नाही. तेव्हापासून मी गेलो की ती मला दिसेल ते खाऊ घालते.

सोमवारी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. मावशीने पाय धुवायला पाणी दिलं, सरगुंड्यांचा डबा हुंगून पाहिला आणि हसली. गावात मात्र काहीतरी बरं नव्हतं. गोठ्यागोठ्यांत ढोरं तोंडातून लाळ गाळत उभी होती. तोंडखुरीची साथ आली होती. चिखलीहून ढोरांचा डॉक्टर येऊन खुरांना लावायचं औषध देऊन गेला होता, तरी दोन वासरं मेली होती. मावसा जेवण झाल्यावर चावडीत गेले ते उशिरापर्यंत आले नाहीत. मी चढणीने दमलो होतो. पडलो तसा झोपलो.

सकाळी जाग आली ती कशाने, ते आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, गावात आवाज नाही. जात्याची घरघर नाही, रहाट नाही, बैलांच्या घंटा नाहीत. मावशी चुलीपाशी बसली होती आणि चूल थंड होती. तिने मला सांगितलं की रात्री चावडीत ठरलं आणि पहाटे गाव बांधलं.

गाव बांधणं मी ऐकून होतो, पाहिलं नव्हतं. साथ आली की मंगळवार धरून रोगराईच्या देवीची, मरीमायची पूजा करतात. पहाटे गावाच्या शिवेवरून दुधाची धार धरतात, शिवेच्या दगडांना शेंदूर लावतात, आणि प्रत्येक वाटेवर कडुनिंबाच्या पाल्याची दोरी बांधतात. त्या दिवशी गावात कोणी काम करायचं नाही. नांगर नाही, जातं नाही, तवा चढवायचा नाही, विहिरीला रहाट लावायचा नाही. आणि दोरीच्या आतला माणूस बाहेर जायचा नाही, बाहेरचा आत यायचा नाही. संध्याकाळी मरीमायचा गाडा ओढत शिवेपार नेऊन सोडला की मगच दोऱ्या सोडता येतात. पण त्या संध्याकाळी फक्त गाडा ओढणाराच बाहेर जातो. बाकी गाव दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर मोकळं होतं.

मी मनात हिशेब केला. सूर्य उगवल्यावर निघालो, तर फाट्यावर सकाळची पहिली गाडी मिळेल. ती खामगावला दहापर्यंत पोचते. आठचं प्रॅक्टिकल गेलं.

"मावशे," मी म्हणालो, "मले आज सहाची गाडी पाहिजे."

तिचा चेहरा पाहून कळलं की ती पहाटेपासून हेच घेऊन बसली होती.

मी शिकलेला होतो, म्हणजे तसं मला वाटे. दुधाची धार आणि पाल्याची दोरी यांनी जंतू अडत नाहीत, हे मला ठाऊक होतं. दुपारी कुठूनही सीताफळीच्या झुडपांतून उतरून गेलो असतो तर कोणाला दिसलंही नसतं. पण मावसांनी माझ्या मनातलं ओळखलं. त्यांनी मला गोठ्याशी नेलं आणि हळू आवाजात एका घराची गोष्ट सांगितली. मागे असंच गाव बांधलं असताना त्या घरचा जावई रात्रीतून निघून गेला होता. त्यानंतर गावात जे जे जनावर मेलं, ते त्या घराच्या नावावर गेलं. दोन वर्षं त्या घरच्या बाया विहिरीवर आल्या की बाकीच्या आपले पाण्याचे गुंड उचलून बाजूला होत.

"तू जाशीन निघून," मावसा म्हणाले. "पानी तुही मावशी भरते."

मग मी राहिलो. करायला काही नव्हतं. मावसांनी निंबाखाली बाज टाकून दिली आणि म्हणाले, आज देवीनंच आराम सांगितला, बैलालेबी आन् मानसालेबी. मी बाजेवर आडवा झालो. जर्नल उघडलं. भिंगाच्या प्रयोगाचं पान चार वेळा वाचलं आणि चारही वेळा काही शिरलं नाही.

एरवी तो दिवस फार सुंदर म्हणावा असा होता. खाली मैदानात ऊन भाजत असेल, पण वर वारा गार होता. कड्याच्या टोकाला पळस फुलला होता. सगळं गाव बसून होतं. मी माणसांना असं दिवसाउजेडी बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्या उंबऱ्यावर, गडी पारावर, बाया एकमेकींच्या डोक्यातून फणी फिरवत. मावशीने कालच्या भाकरी, ठेचा आणि दही वाढलं. कड्यावरून फाट्याचा रस्ता दिसे. दुपारची गाडी काडेपेटीएवढी होऊन घाटाकडे गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी पाहत राहिलो. घास तोंडातच होता.

दुपारनंतर पारावर आवाज चढले. मी गेलो. तिथे गावाला आपली चूक सापडली होती.

गाडा तयार होता. तीन हात लांबीचा लाकडी गाडा, दोन चाकं, वर कामट्यांची छत्री, आत हिरव्या खणातली मातीची मरीमाय, लिंबू, नारळ, निंबाचे डहाळे. पुढे ओढायची दोरी. पण तो ओढणार कोण, हे रात्री चावडीत कोणी बोललंच नव्हतं. बोलायची गरजच कोणाला वाटली नव्हती. पिढ्यान् पिढ्या तो गाडा गावाच्या खालच्या अंगाच्या वस्तीतलं एक घर ओढत असे, आणि गावाला ते पाण्यासारखं सवयीचं होतं. त्या वस्तीने पाच-सहा वर्षांपूर्वी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. गावकीची सगळी लादलेली कामं त्यांनी तेव्हाच सोडली होती. मेलेलं ढोर ओढणं सोडलं, दवंडी सोडली, हे गावाने पाहिलं होतं, त्यावर कुरकुर केली होती, मग सवय करून घेतली होती. पण त्यानंतर साथ आली नव्हती, म्हणून गाड्याची आठवण राहिली नव्हती. जुनी रीत अजून तशीच चालू आहे असं समजून गावाने स्वतःला बांधून घेतलं होतं, आणि आता सोडायला हात नव्हता.

गाडा गेल्याशिवाय दोऱ्या सुटत नाहीत. आज नाही गेला तर उद्याही नाही.

पारावर जो तो दुसऱ्याचं नाव घेत होता. एक जण म्हणाला, पुजाऱ्याने ओढावा. पुजारी म्हणाला, मी देवी बसवतो, काढत नाही. कोणी म्हणालं, चिठ्ठ्या टाका. ज्याने सुचवलं त्यालाच दुसऱ्याने विचारलं, तुही चिठ्ठी पयली टाकू का? हसू झालं, पण लगेच विझलं. पाटील म्हातारे होते. ते बराच वेळ गाड्याकडे पाहत होते. मग त्यांची नजर माझ्यावर आली.

"तू शिकलेला हायेस," ते म्हणाले. "ते तुहं ऐकतीन. आमचं ऐकत नाहीत. त्या गाडा ओढनाऱ्या घरच्या मानसाशी जाऊन बोल."

मी गेलो. हे लिहायला मला जड जातं. वस्तीकडे जाताना मनात एकच होतं, की त्या माणसाने हो म्हणावं. त्याने गाडा ओढला म्हणजे पाटलांची पगडी राहील, दोऱ्या सुटतील, आणि पाटलांच्या शब्दाने कदाचित मलाही त्याच्या मागोमाग जाऊ देतील. मी चांगलं बोलायचं ठरवत होतो. विज्ञानाचंही बोलायचं ठरवलं होतं, की यात अशुभ असं काही नसतं, नुसतं लाकूड आहे.

त्या दिवशी अख्ख्या गावात काम करणारा तो एकच माणूस होता. चाळिशीचा असेल. ओट्यावर बसून अंबाडीच्या वाखाचं दावं वळत होता. मला पाहून त्याने वळण थांबवलं नाही. पायाच्या अंगठ्यात अडकवलेला पीळ ताणून धरत त्याने मला बसायला सांगितलं. मी बसलो. कुठल्या वर्गात, कुठे, विचारलं. हातातलं जर्नल मागून घेतलं, भिंगाची आकृती पाहिली, पानं जपून उलटली आणि परत दिलं. मग म्हणाला की तू कशाले आला ते मले माहीत हाय.

मी तरी बोललो. परीक्षेचं बोललो, वडिलांचं बोललो. विज्ञानाचं मात्र ओठांवर आलं नाही.

त्याने सगळं ऐकून घेतलं. दावं मांडीवर ठेवलं.

"माह्या बापानं तो गाडा ओढला, तवा मी सहा वर्साचा होतो," तो म्हणाला. "ओढनाऱ्यानं वरीसभर शिवेत पाय टाकाचा नाही, असा नेम. त्याच्यासंगं रोग जाते ना. माहा बाप वरीसभर शिवेबाहेर पळसाखाली खोपटात राह्यला. माय रोज शिवेच्या दगडावर भाकर ठेवे. ती माघारी सरकली का बाप येऊन उचले. हातात देता येत नोती."

त्याने माझ्या जर्नलकडे बोट केलं.

"तू परीक्षेले जाऊन राह्यला, हे लय चांगलं हाय. जा. पन तुह्या परीक्षेसाठी मी काऊन ओढू?"

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. तो खरंच विचारत होता. मी उठलो. उठताना तोंडातून निघून गेलं, की मग मीच ओढतो.

त्याने मला पहिल्यांदा नीट पाहिलं. "तुले तर तसंबी बाहेरच जाचं हाय," तो म्हणाला आणि दावं पुन्हा वळायला घेतलं.

पारावर येऊन मी पाटलांना सांगितलं, गाडा मी नेतो. आधी कोणाला समजलं नाही. मग एकजण म्हणाला, "काऊन बे, कॉलेजात गाडा ओढाचंबी शिकवतेत काय?" या वेळी हसू जरा मोकळं झालं, कारण सगळ्यांच्या मानेवरचं ओझं उतरलं होतं. लगेच कारणंही सापडली. पोरगा बाहेरगावचा आहे. नेम वर्षाचा असला तरी त्याले काय, त्याले कुठं इथं रायचं हाय. पाटलांनी मला दोनदा विचारलं, समजून बोलतो का. मी दोनदा हो म्हटलं. मी सूर्याकडे पाहत होतो. कड्याच्या वर तीन हात उरला होता. सहाच्या गाडीला तासभर उतरायचं होतं, आणि वाटेत तो गाडा.

पारावर बाया येत नाहीत. मावशी आली. गर्दीने वाट दिली.

"वरीसभर," ती मला म्हणाली. "तुले समजते का, वरीसभर?"

"मावशे, वरीस काय, असंच जाईल," मी म्हणालो.

मावसा तिच्या मागे उभे होते, त्यांची मान खाली होती. मला वाटलं, ती देवीला घाबरते. बहिणीच्या पोराच्या अंगावर रोग येईल म्हणून घाबरते. मी तिला समजावणार होतो की असं काही होत नसतं. पण ती वळून निघून गेली आणि मला बरंच वाटलं, कारण वेळ जात होता.

पूजा लांबली. पुजाऱ्याने कुंकवाने भरलेला हात माझ्या दोन्ही तळहातांना लावला. मला नेम सांगितला. दोरी हातात घेतल्यापासून शिवेपार गाडा सोडेपर्यंत बोलायचं नाही. मागे वळून पाहायचं नाही. मागून कोणी नावाने हाक मारणार नाही, मारली तरी ओ द्यायची नाही. जर्नल मी पिशवीत घालून पिशवी पाठीला बांधली. सूर्य कड्याच्या वर हातभर उरला तेव्हा दोरी माझ्या हातात दिली.

गाडा हलका होता, पण चाकं करकरत होती आणि वाट उतरती. माझ्या मागे ढोल वाजवत लोक येत होते. मग ढोल थांबले, कारण शीव जवळ आली की कोणी पुढे यायचं नाही. नुसती करकर राहिली. एका वळणावर चाक दगडावर चढलं, छत्री कलली आणि लिंबू घरंगळत खाली आलं. माझ्या पायाला लागून थांबलं. उचलावं की नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी थांबलो. मला या कशावर विश्वास नव्हता. तरीही मी तिथे उभा होतो, आणि लिंबाला लागलेला पाय मी हळूच मागे घेतला. हे कोणाला सांगितलेलं नाही. शेवटी लिंबाला वळसा घालून पुढे ओढलं.

शिवेचा दगड कमरेएवढा होता, शेंदराने ओला. वाटेवरची पाल्याची दोरी पहाऱ्यावरच्या दोघांनी काठीने वर उचलली. मी गाड्यासह खालून गेलो. वीसेक पावलांवर पळस होता. गाडा त्याच्या बुडाशी लावला आणि दोरी सोडली. तेव्हा मागून, दगडाच्या बाजूने, खोकला ऐकू आला. मावशीला दमा होता. तो खोकला मी कुठेही ओळखला असता. ती लोकांच्या पुढे, अगदी दगडापर्यंत आली होती. बाकी काही आवाज आला नाही. मी वळलो नाही. नेमापायी वळलो नाही की गाडीपायी, ते मला आजही सांगता येत नाही.

पुढे धावतच उतरलो. ओढा कोरडा होता, हात धुवायला पाणी मिळालं नाही. फाट्यावर पोचलो तेव्हा गाडी आली नव्हती, पण खालच्या गावची दोन माणसं काठ्या घेऊन उभी होती. फाट्यापर्यंतची जमीन त्यांच्या शिवेत मोडते. वरच्यांनी गाडा काढला की तो खालच्यांच्या शिवेत येतो, मग खालचे पूजा करून पुढच्यांच्या शिवेत लोटतात. आणणारा सापडला तर त्याला मारून गाडा परत न्यायला लावतात, असं मावसांनी सांगितलेलं होतं.

"वरून आला काय?" त्यांतल्या थोरल्याने विचारलं.

"हाव."

"ढोल वाजले. गाडा दिसला काय वाटेत?"

मी म्हणालो, मी विद्यार्थी आहे, उद्या सकाळी खामगावला परीक्षा आहे. तो माझ्या हातांकडे पाहत होता. मी पिशवी पुढे घेतली होती आणि तिच्या कापडावर कुंकवाचे दोन पंजे उमटले होते.

"हे कुंकू?"

मी पिशवी पुन्हा पाठीमागे ओढली. मग त्यानेच विचारलं, "देवाच्या पाया पडून आला काय परीक्षेसाठी?"

मी हो म्हणालो.

त्याचा चेहरा एकदम निवळला. पडावंच, म्हणाला, देवाबिगर कुठं पास होते मानूस. त्याच्याही घरचा एक पोरगा सातवीला बसणार होता. गाडी दिसली तेव्हा तो स्वतः रस्त्याच्या मधे गेला आणि काठी उंच करून त्याने ती थांबवली. कंडक्टरला सांगितलं, पोराची परीक्षा हाय, नीट उतरव. गाडी सुटल्यावर खिडकीतून मी पाहिलं, ते दोघे डोंगराच्या वाटेला लागले होते. त्यांची ढोरं माझ्याने मरणार नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तर मग खरं सांगायला मी काऊन भ्यालो, हे त्या रात्रीपासून मला सुटलेलं नाही.

प्रॅक्टिकलला भिंगाचाच प्रयोग आला. आला म्हणून पास झालो. फार मार्क नव्हते, पण वडिलांना फक्त पास की नापास एवढंच कळायचं होतं. त्यांनी निकालाचा कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला.

वर आणखी दोन वासरं मेली, मग साथ ओसरली. खालच्या गावात ती आधीच होती, हे मला नंतर कळलं. म्हणजे माझ्यामुळे काही झालं नाही. काही टळलंही नाही.

कॉलेज उघडलं तेव्हा मावसांनी निरोप पाठवला, की जाताना फाट्यावर उतर आणि शिवेपर्यंत ये, मावशी येईल. मी उतरलो, चढलो. पळसाखाली गाड्याचा मागमूस नव्हता. दगडाच्या पलीकडे मावशी बसली होती. चढणीनेच नव्हे, आता उतरणीनेही तिला धाप लागत होती. तिने फडकं सोडलं, भाकर आणि सरगुंडे दगडावर ठेवले आणि दोन पावलं मागे सरकली. मी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. मग मी दगडावरून भाकर उचलली.

मी म्हणालो, "मावशे, तू तरी ये ना इकडं. तुले कुठं बंदी हाय?"

"मी आली तर तुले शिवल्यासारखं होईन. मंग तुहा रोग गावात घेऊन मीच जाईन," ती म्हणाली. "वरीस असंच जाते म्हनला होतास."

तिने हे टोचून म्हटलं नव्हतं. मला तेव्हा कळलं की पारावर ती देवीला घाबरून आली नव्हती. गावाने म्हटलं, त्याले कुठं इथं रायचं हाय. मीही तसंच धरून चाललो होतो. त्या गावात माझं कोणी वाट पाहणारं आहे, एवढंच हिशेबातून राहिलं होतं.

त्या वर्षात चार वेळा ती दगडापर्यंत आली. दिवाळीनंतरच्या खेपेला आम्ही असे बसलो होतो, मी अलीकडे, ती पलीकडे. फाट्याकडून वस्तीतला तो माणूस चढत आला, खांद्यावर दाव्यांची जुडी. आम्हाला पाहून थांबला. मला म्हणाला, पास झाला म्हने. मी हो म्हटलं. मग त्याने दगडाकडे, दगडावरच्या भाकरीकडे पाहिलं.

"माही माय अशीच बसे," तो म्हणाला. "इथंच."

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं एका गावात राहून ती त्याच्याशी कधी बोलली असेल असं मला वाटत नाही. तो शीव ओलांडून पलीकडे गेला, तिच्या बाजूला. त्याला कुठलीच बंदी नव्हती. ती आपल्यासाठी हातात घेतलेल्या भाकरीकडे थोडा वेळ पाहत राहिली, मग ती मोडून अर्धी त्याच्यापुढे धरली. तो लगेच हात पुढे करेना. तिनेही हात मागे घेतला नाही.

माझी भाकर दगडावर होती. त्याने त्याची तिच्या हातातून घेतली.